म्हशीच्या सडातलं गिऱ्हाईक: ग्राही की ग्राहक?

कट्टेकरी
दूध उत्पादकांसाठी एक चोपडं मराठीत आणतोय. त्यात मी लिहिलं होतं, ‘सडाच्या मृदू स्नायूंमध्ये अल्फा आणि बीटा ग्राहक असतात.’ कोल्हापूरच्या गंगावेशीत ग्लासात थेट धार काढून देणाऱ्या एका मामांना वाचून दाखवलं. फेस काठावर आलेला, मान वर न करता म्हणाले, ‘गिऱ्हाईक हिकडं उभं हाय की. सडात कुठलं हुडकतोस?’ रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागेवर औषध किंवा शरीरातलं रसायन येऊन बसतं तिला, लिहावं तरी काय? (अल्फा, बीटा हे तिचे प्रकार.)

शब्दखोर
मामांनी व्युत्पत्तीच सांगितली, गिऱ्हाईक हे ग्राहकाचंच घासलेलं रूप. ‘ग्राही’ लिहा, गुणग्राहीत तो रुळलेला आहे. ‘स्मूथ मसल’ला ‘मृदू’ही नको, मऊ लोण्याची आठवण होते. शाळेच्या पुस्तकातलं ‘अपट्टकी’ रुक्ष आहे, पण पट्टे नाहीत हे तरी सांगतं.

जुनी वही
‘ग्राही’ला आयुर्वेदात आधीच काम आहे बरं. शार्ङ्गधर सुंठ-जिऱ्याला ग्राही म्हणतो, म्हणजे पातळ मल बांधून धरणारं. गंमत अशी, की जुलाबावरचं लोपेरामाइड आतड्याच्या भिंतीतल्या चेताजाळ्यावरच्या अफूच्या ग्राहींना धरतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. म्हणजे ग्राही औषध ग्राहीवरच बसतं!

जनावरांचा डॉक्टर
शब्द कुठलाही घ्या, जागा नीट लिहा. ‘स्नायूंमध्ये असतात’ एवढ्याने भागत नाही. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्लीने १९०५ मध्ये ‘ग्रहणशील द्रव्य’ ही रिसेप्टरचीच कल्पना मांडली, तेव्हा वाद जागेचाच होता. कोंबडीच्या स्नायूची चेता तोडून ती झडून गेल्यावरही निकोटीनने स्नायू आकसला, आणि कुरारे हे स्नायू लुळे पाडणारं विष दिल्यावर ते आकसणं थांबलं. म्हणजे पकड स्नायूवर, चेतेत नव्हे. (तो स्नायू पट्टकी होता, पण मुद्दा तोच.)

सडाच्या अपट्टकी स्नायूवर अल्फा ग्राही चेतले की सड आवळतो, बीटा-२ चेतले की सैल पडतो. अल्फा-२ तर चेतेच्या टोकावरही असतात. तिथून नॉरॲड्रिनलीन हे चेतेचं निरोप्या रसायन फार सुटलं की तेच ब्रेक लावतात. झायलाझीन या जनावरांच्या गुंगीच्या औषधाची गुंगी याच अल्फा-२ वरून येते. गाईला घोड्याच्या मात्रेच्या साधारण दहाव्या हिश्शाने भागतं. पण महिने भरलेल्या गाईला आम्ही ते टाळतो, कारण तेच ग्राही गर्भाशयाच्या स्नायूवरही असतात आणि तिथे ते कळ आणतात. एकच ग्राही, चेतेवर गुंगी, स्नायूवर कळ. म्हणून विभक्ती सांभाळा: ‘स्नायूत’ नको, ‘स्नायूपेशीच्या आवरणावर’.

कट्टेकरी
मामांचा पुढचा प्रश्न: ‘म्हस पान्हा चोरती, त्याचं काय लिवलंस?’

जनावरांचा डॉक्टर
म्हशीचं जवळजवळ सगळं दूध वर कासेतल्या बारीक पुटकुळ्यांत असतं, खालच्या टाकीत फार तर पाच टक्के. गाईच्या टाकीत वीसेक टक्के. रेडकू लुचलं की चेता मेंदूला कळवते, मेंदू रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सोडतो, आणि पुटकुळ्यांभोवतीच्या पेशी त्यांच्यावरच्या ग्राहींमुळे आवळून दूध खाली ढकलतात. त्या पेशी अपट्टकी स्नायूंच्या भावकीतल्या, पण अपट्टकी स्नायू नव्हेत. गोठा नवा, हात अनोळखी असला तर ऑक्सिटोसिन सुटतच नाही. जनावर भ्यालं तर शिवाय ॲड्रिनलीन हे भीतीचं संप्रेरक सुटतं: अल्फा ग्राही रक्तवाहिन्याही आवळतात आणि सडही. टाकीतलं तेवढं निघतं, पुढे कितीही पिळा.

शब्दखोर
पान्हा म्हणजे संस्कृत ‘प्रस्नव’, पाझरणं. ‘ऑक्सिटोसिन-प्रेरित दुग्धनिःसरण’ असं काही चोपड्यात असेल तर आजच खोडा. ‘पान्हा चोरणे’ मात्र ठेवा, चोरी म्हशीच्या हातात नसली तरी.

कट्टेकरी
खोडलं. आता असं आहे: ‘म्हैस भ्याली की सडाच्या अपट्टकी स्नायूपेशींवरचे अल्फा ग्राही चेततात, सड आवळतो आणि म्हैस पान्हा चोरते.’ मामांनी ऐकलं, ‘अपट्टकी’वर थांबवलं आणि म्हणाले, ‘ह्ये काढ. बाकी म्हशीचं बरोबर हाय.’

जनावरांचा डॉक्टर
‘सडाच्या आतले स्नायू’ लिहा. गोठ्यात तेवढं पुरे.