जाहीरनामा, पण निवडणुकीचा नव्हे

दांडियाबाजार
उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, जवळ आलं की आमच्या वडोदऱ्यात पोलीस आयुक्तांचं 'जाहेरनामुं' निघतं. चायनीज दोरी विकायची नाही, वापरायची नाही, तुक्कल (कागदी कंदील) सोडायची नाही, वगैरे. सोसायटीत निम्मी घरं मराठी. दोन आजी गुजराती फर्डं बोलतात, पण वाचता येत नाही. म्हणून सेक्रेटरींनी तो कागद मराठीत करून द्यायला मला सांगितलं. मी मथळा दिला 'पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा', शेवटी 'हुकुमावरून' लिहिलं आणि लिफ्टशेजारी डकवून टाकला. पुण्याहून आलेला भाचा तो वाचून जिन्यातच हसत बसला. "मावशी, आयुक्त कुठल्या पक्षाकडून उभे आहेत?"

माझी आई हा शब्द याच अर्थानं वापरायची. मग चूक माझी की भाच्याची? आणि चूक माझी असेल तर लिहायचं काय?

रावपुरा
भाच्याला म्हणावं, 1858 साली राणीनं काढला तोही जाहीरनामाच होता, आणि बाई काही निवडणुकीला उभी नव्हती. पक्षांनी शब्द नंतर पळवला.

मुक्काम पुणे
पळवला असेल, पण आता तो त्यांच्याच घरी नांदतोय. आमच्याकडे अशा कागदाला 'मनाई आदेश' म्हणतात. माणसं जमवायला बंदी असेल तर 'जमावबंदी आदेश'. पूर्वी कलम 144 होतं, नव्या संहितेत ते 163 झालं, पण लोकांच्या तोंडी अजून 144च आहे. ताई, 'मनाई आदेश' लिहा आणि मोकळ्या व्हा.

निवृत्त शिरस्तेदार
लिहा, पण 'मनाई हुकूम' लिहू नका. तो कोर्टाचा, दाव्यातला. आणि 'हुकूमनामा' तर त्याहून वेगळा. आधी न्यायनिर्णय, मग त्यावरून उतरतो तो हुकूमनामा. इथल्या गुजराती कोर्टातही 'मनाईहुकम' आणि 'हुकमनामुं' हेच शब्द, त्यामुळे आम्हा मराठी कारकुनांना या खात्यात कधी अडचण आली नाही. अडचण यायची ती 'बजावणे'ची. बेलिफ समन्स बजावतो, सैनिक कर्तव्य बजावतो आणि आई 'उशीर करू नकोस' म्हणून बजावते. एका नव्या गुजराती सहकाऱ्याला मी म्हटलं, "त्याला नीट बजावून ये." तो बिचारा जाऊन दाराला कागद चिकटवून आला. मला फक्त दम द्यायचा होता.

शुद्धलेखणी
हुकूम अरबी, नामा फारसी, जाहीर पुन्हा अरबी. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो काय शोभेला? साधा, आपला 'आज्ञा' शब्द आहे. तो लिहायला लाज का वाटावी?

रावपुरा
लाज नाही हो, भीती वाटते. लिफ्टशेजारी 'आज्ञा' वाचली की दोरी सोडून वनवासाला निघावंसं वाटेल. आणि शुद्धलेखणी, तुम्ही बाजूला काढलेल्यांत 'साधा' राहिला बघा. तोही फारसीच.

मांडवीकर
थांबा, 'आज्ञा'ला इतकं हसू नका. याच गावात संस्थानचं गॅझेट 'आज्ञापत्रिका' नावानं निघत होतं. कायद्याला इथं 'निबंध' म्हणत. 1931 साली सयाजीरावांच्या राज्यात हिंदू लग्नविच्छेदाचा कायदा झाला तो 'निबंध'च. आमची आत्या सांगायची, शेजारच्या घरात कोणी म्हणालं, "निबंध लागू झाला," तर तिला वाटलं शाळेत लिहून न्यायचा आहे. त्याच साली राज्यानं शासनशब्दकल्पतरु हा कारभारी शब्दांचा अनेकभाषी कोश छापला. म्हणजे संस्कृत शब्द घडवायची हौस पुण्याला एकट्याला नव्हती. फक्त 'निबंध' शाळेत परत गेला आणि 'हुकूम' आहे तिथंच आहे. याला काय म्हणाल?

शुद्धलेखणी
आळस म्हणेन.

फतेहगंज
माझं दुखणं वेगळं. पेन्शनच्या कागदाचं मी नाशिकच्या चुलतभावाला मराठीत सांगितलं, "वित्त खात्याचा ठराव आलाय." त्यानं विचारलं, मांडला कोणी, अनुमोदन कोणाचं? आता गुजरात सरकारचा तो कागद 'ठराव'च, तुमच्याकडे त्याचा 'शासन निर्णय' होतो. कागद तोच, सही तशीच न वाचता येणारी. आणि तुमच्याकडे कोणीही काहीही सांगितलं की 'फतवा काढला' म्हणतात, तेही एकदा तपासा. फतवा म्हणजे मुफ्तीनं विचारल्यावर दिलेलं मत. न विचारता सुटतो तो हुकूम.

मुक्काम पुणे
काका, मग 'वटहुकूम' तरी आमचा ठेवा. अध्यादेश सरकारी, वटहुकूम वर्तमानपत्री. पण अस्सल मराठी.

मांडवीकर
गुजरातीतही 'वटहुकम'च आहे, रोज छापून येतो. आमचं गावच मुळात वटोदर. गावही वटाचं, हुकूमही वटाचा. वडाच्या पारावर उभं राहून वाचायचा, म्हणून वटहुकूम.

रावपुरा
पारावर दवंडी होते. वट म्हणजे वजन. 'त्याची कचेरीत वट आहे' म्हणतो तीच वट.

निवृत्त शिरस्तेदार
मला तर चेकसारखा 'वटणारा' वाटतो. सभागृह भरलेलं नसताना काढायचा, मग ते भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर करून घ्यायचा. नाही वटला तर बाद.

शुद्धलेखणी
तीन माणसं, तीन झाडं. यालाच तुम्ही व्युत्पत्ती म्हणता?

फतेहगंज
पत्त्यांत मात्र आमच्या घरी भांडण नाही. हुकूम म्हणजे सर, बाकी रंगांवर मात करणारा. शेजारी नवे आलेले हिंदीभाषक इस्पिकला हुकूम म्हणतात, मग पहिला डाव नेहमी रद्द.

दांडियाबाजार
माझा प्रश्न लिफ्टशेजारीच राहिला. काल सेक्रेटरींनी मथळ्यावर पट्टी चिकटवली आणि वर गुजराती कागद लावला. माझ्या मराठी कागदातलं शेवटचं 'हुकुमावरून' तेवढं खाली दिसतंय. सकाळी आजींनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि मला विचारलं, "कोणाच्या गं?"

मांडवीकर
ताई, ते बघू. मला आधी कोणीतरी सांगा, 'वटवट' कुठून आलं?