शिबिराच्या पाट्या, ठिपके आणि भुईमुगाची एक शेंग

विषय: उन्हाळी शिबिर – मार्शमेलो
प्रेषक: स्वयंपाकघर समिती

नमस्कार मंडळी,

पोकोनोच्या (पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ भागातल्या) शिबिराला अकरा दिवस राहिले. शनिवारी रात्री शेकोटीवर मुलांना स्मोअर्स करायचे आहेत (नव्या आईबाबांसाठी: दोन ग्रॅहम बिस्किटांच्या मध्ये चॉकलेट आणि भाजलेला मार्शमेलो). साध्या मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते बहुधा डुकराचं. म्हणून गोलात यू छापलेली पाकिटं मुद्दाम शोधून वीस आणली आहेत. शाकाहारी मुलांची सोय झाली, विषय मिटला.

प्रेषक: एक जुनी सभासद

ताई, मिटला नाही.

आम्ही इथे आलो तेव्हा भारतीय दुकान चाळीस मैलांवर होतं. तो गोलातला यू मला शेजारच्या ज्यू बाईंनी वाचायला शिकवला. ते ऑर्थोडॉक्स युनियन या ज्यू संस्थेचं कोशर चिन्ह आहे, म्हणजे पदार्थ ज्यूंच्या आहारनियमांत बसतो, शाकाहाराचं नव्हे. शेजारी डी असेल तर पदार्थ दुधाचा. ‘पारेव’ असं लिहिलं असेल तर मांसही नाही आणि दूधही नाही, पण मासे आणि अंडी पारेवमध्ये चालतात! नुसता पी असेल तर तो पारेवचा समजू नका, तो त्यांच्या पासोव्हर सणाचा. कोशर मार्शमेलोत जिलेटिन बहुतेक वेळा माशाचं असतं. पाकीट उलटं करून मागची बाजू वाचा.

प्रेषक: स्वयंपाकघर समिती

वाचली. माशाचंच आहे. वीस पाकिटं.

मासे शाकाहारात धरणाऱ्या घरांनी गॅरेजमधून घेऊन जावीत. मुलांसाठी व्हीगन मार्शमेलो मागवले आहेत. आणि पुन्हा घोळ नको म्हणून या वर्षी प्रत्येक भांड्यावर ठिपका चिकटवणार, हिरवा शाकाहारी, लाल मांसाहारी. इथे जन्मलेल्या मुलांनाही हा ठिपका भाकरवडीच्या पाकिटावरून ओळखीचा आहे.

प्रेषक: तळ्यावरचा स्वयंसेवक

काकू, सॉरी, पण हिरवा-लाल आमच्याकडे आधीच घेतलाय. पहिल्या दिवशी पोहण्याची चाचणी होते, मग मनगटाला पट्टी. लाल म्हणजे गुडघाभर पाण्यातच, पिवळी म्हणजे लाइफ जॅकेट घालून, हिरवी म्हणजे खोल पाण्यात चालेल. गेल्या वर्षी एका सहा वर्षांच्या मुलाला लाल पट्टी मिळाली. जेवणाच्या रांगेत वाढणाऱ्या काकांनी ती बघून त्याला सरळ चिकन वाढलं. तो खुशीत खाऊन घरी गेला आणि बाबांना म्हणाला, आता मी नॉनव्हेजमध्ये पास झालो.

प्रेषक: त्या मुलाचा बाबा

हो, आमच्याकडे अजून ‘पास’च चालू आहे. तक्रार नाही. त्याची आजी मात्र मंडळाचं नाव काढलं की उठून आत जाते.

प्रेषक: एक आजोबा

मंडळी, मी रंगांध आहे. माझा नातूही आहे, आणि तो या वर्षी शिबिराला येतोय. मुलीचा मुलगा. हे बहुतेक वेळा असंच येतं, आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नसतो. तुमचे लाल आणि हिरवे ठिपके आम्हा दोघांना एकाच मातकट रंगाचे दिसणार. सिग्नलला मी दिवा वर लागलाय की खाली एवढंच बघतो.

भारतात हे उशिरा का होईना लक्षात आलं. पूर्वी मांसाहाराच्या चौकोनातही ठिपकाच असायचा, तपकिरी. 2020 च्या लेबलिंग नियमांनी त्याचा त्रिकोण केला. आता चौकोनात गोल म्हणजे शाकाहारी, त्रिकोण म्हणजे मांसाहारी. रंग दिसला नाही तरी अडत नाही. आपणही तेच करू या. पट्ट्यांवरही मार्करने खूण करा: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा.

रविवारी डेलावेअर वॉटर गॅपला अपालेशियन ट्रेल या डोंगरातल्या लांबलचक पायवाटेवर मुलांना नेणार आहात, तिथल्या खुणा मला फार आवडतात. झाडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आलं. वरचा पट्टा उजवीकडे सरकलेला असेल तर उजवीकडे वळायचं. त्या वळणावर एकही शब्द लिहिलेला नसतो, तरी माणूस चुकत नाही. (चुकलो तो पट्टे न बघता गप्पा मारत होतो म्हणून. सोबत कोण होतं ते इथे लिहीत नाही.)

प्रेषक: प्रथमोपचार (डॉक्टर)

आजोबांशी शंभर टक्के सहमत. माझ्या तीन गोष्टी.

मुलांनी प्रथमोपचाराच्या तंबूसाठी लाल क्रॉसची पाटी रंगवली आहे. छान रंगवली आहे, पण लावता येणार नाही. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे जिनिव्हा करारांनी राखून ठेवलेलं चिन्ह आहे, युद्धातल्या वैद्यकीय पथकांसाठी आणि रेड क्रॉससाठी. अमेरिकेत तसा कायदा आहे, भारतातही 1960 चा आहे. आपल्याला हिरव्यावर पांढरा क्रॉस लावायचा आहे. (हो, पुन्हा हिरवा. मला माहीत आहे.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुदपाकखान्याच्या दारावर भुईमुगाची शेंग आणि तिच्यावर लाल काट असलेली पाटी आहे. गेल्या वर्षी आपल्यातल्या एका मावशींना वाटलं की दाणे ठेवायची जागा ती, आणि त्यांनी कुटाचा डबा बरोब्बर त्या पाटीखाली ठेवला. हसू नका, त्या आठवड्यात शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेली दोन मुलं होती. दाण्याचं कूट या वर्षी शिबिराच्या फाटकाच्या आत येणार नाही. काकडीच्या कोशिंबिरीत नाही, भरल्या वांग्यात नाही. साबुदाण्याची खिचडी रद्द. तिळाची चटणीसुद्धा नको, इथल्या मुख्य अॅलर्जींच्या यादीत 2023 पासून तीळ नववे आहेत.

तिसरी गोष्ट, पायवाटेच्या तोंडाशी तीन पानांचं चित्र असलेली पाटी. पळसाला पानं तीनच, पण इथे तीन पानं दिसली की हात मागे घ्यायचा. ते पॉयझन आयव्ही. त्याच्या तेलाने अंगावर फोड उठतात आणि खाज आठवडाभर छळते. हात लागलाच तर लगेच साबणाने धुवा, कपडेही. आपल्या मुलांना हे वेगळं सांगावं लागतं, कारण श्रावणातला बेल घरी पाहिलेला असतो. एका मुलीने मागे ‘महादेवाला’ म्हणून ओंजळभर तोडून आणला होता.

प्रेषक: स्वयंपाकघर समिती

खिचडी रद्द??

प्रेषक: कार्यवाह

रद्द. पोहे होतील, वर ओलं खोबरं, दाणे नाहीत. अन्नावर गोल आणि त्रिकोण, पट्ट्यांवर रेघा, तंबूवर पांढरा क्रॉस. दारातल्या रांगोळीबद्दल: स्वस्तिकाचा विषय गेल्या वर्षी या लिस्टवर तीन आठवडे चालला, तो कृपया पुन्हा काढू नये. जागा भाड्याची आहे, शेजारच्या केबिनमध्ये दुसरी मंडळी असतात. शंख, कमळ, गोपद्म, काय हवं ते काढा.

विषय: शिबिर पार पडलं
प्रेषक: एक जुनी सभासद

मंडळींनो, चातुर्मास लागला म्हणून मी शनिवारी पहाटे केबिनच्या पायरीपासून मुदपाकखान्यापर्यंत गोपद्मं काढली. तेहतीस. आदल्या दिवशी निसर्गाच्या तासाला मुलांना तळ्याकाठच्या चिखलातले हरणाचे खूर दाखवले होते, मधोमध चीर असलेले. त्यामुळे उठल्या उठल्या लहान गटात ओरडा झाला की रात्री हरीण आत आलं होतं, आणि ते पांढऱ्या पायांचं आहे. मी म्हटलं, अरे, ही गाय. तर म्हणे, आजी, इथे काऊ नाहीच आहे.

तो ‘नॉनव्हेजमध्ये पास’ झालेला मुलगा गोपद्मं मोजत मोजत माग काढत गेला. शेवटचं पाऊल फडताळासमोर होतं. तिथे कोशर मार्शमेलोचं एक पाकीट राहून गेलं होतं (ताई, गॅरेजमधली सगळी गेली म्हणालात ना?). त्याने ते उलटं केलं, बोट ठेवत ठेवत मागची बाजू वाचली आणि मला म्हणाला, “आजी, ह्यात फिश आहे.”

मग दोन खाल्ले. रत्नागिरीकडचे आहेत ते.