बंडलमध्ये घातलं म्हणजे कॉपी झाली, हे कोणी सांगितलं?

सातपुडा:
काल इथे अँड्रॉइड ॲप लिहिण्याबद्दल एक सल्ला वाचला. वर्कर थ्रेडवरून (मागे काम करणारा) मेन थ्रेडकडे (स्क्रीन सांभाळणारा) स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट पाठवायचा असेल तर तो आधी पार्सलेबल (म्हणजे पार्सल या बाइट-स्वरूपात लिहिता येणारा) करा, बंडलमध्ये (नाव-मूल्यांच्या पेटीत) घाला आणि मेसेजवर सेटडेटा करा. पलीकडे कॉपी जाते, म्हणून दोन्ही थ्रेड सुरक्षित. खाली धन्यवादांची रांग लागली होती, म्हणून सविस्तर लिहितोय. यातलं कॉपीचं विधान साफ चुकीचं आहे.

एका प्रोसेसमधल्या सगळ्या थ्रेडचा हीप (ऑब्जेक्टची मेमरी) एकच असतो. बंडल आतून एक मॅप आहे आणि पुटपार्सलेबल त्यात फक्त रेफरन्स ठेवतं. राइटटूपार्सल (पार्सलमध्ये लिहिणारी मेथड) चालतं ते बंडलचं खरोखर पार्सल बनतं तेव्हा, म्हणजे बहुधा बाइंडरमधून (दोन प्रोसेसमधल्या देवाणघेवाणीची यंत्रणा) बाहेर जाताना. खात्री करायची तर त्या मेथडमध्ये एक लॉग टाका आणि हँडलरला (थ्रेडच्या रांगेत मेसेज टाकणारा आणि हाताळणारा) मेसेज पाठवा. लॉग उमटत नाही. पलीकडे मिळालेल्या ऑब्जेक्टची मूळ ऑब्जेक्टशी === (ऑब्जेक्ट तोच आहे का हे बघणारी कॉटलिनची खूण) लावून तुलना करा, ट्रू येतं.

मग सरळ करा ना: मेन लूपर (मेन थ्रेडची मेसेजची रांग चालवणारा) देऊन हँडलर बनवा, ऑब्टेनमेसेजला व्हॉट आणि ऑब्जेक्ट द्या, सेंडटूटार्गेट. हँडलमेसेजमध्ये ऑब्ज काढून कास्ट करा आणि तो ऑब्जेक्टच धरून ठेवा, मेसेज नको. काम झालं की लूपर मेसेज पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या मेसेजच्या साठ्यात) परत टाकतो आणि त्याचं ऑब्ज नल होतं.

कडुनिंब:
अंतर्गत रचना बरोबर सांगितलीत, पण सल्ला धोकादायक आहे. ऑब्जची सवय लागलेली टीम उद्या सर्व्हिस वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवते आणि तिथे सगळं कोसळतं. मेसेंजरने (प्रोसेसपलीकडे मेसेज पाठवणारा क्लास) प्रोसेस ओलांडताना ऑब्जमध्ये फक्त फ्रेमवर्कचे पार्सलेबल चालतात, आपले क्लास नाहीत. आपला क्लास पाठवायचा तर बंडलच लागतं, आणि पलीकडे वाचण्याआधी सेटक्लासलोडर करावं लागतं, नाहीतर बॅडपार्सलेबलएक्सेप्शन. आधीपासून शिस्त ठेवली तर काय बिघडलं?

सातपुडा:
बिघडतं ते असं की लोक कॉपी झाली या भरवशावर मूळ यादीत पुढेही भर घालत राहतात. वर्कर ॲड करतोय, मेनवर रिसायकलरव्ह्यू (स्क्रीनवर यादी दाखवणारा) तीच यादी मोजतोय. मग "इनकन्सिस्टन्सी डिटेक्टेड" म्हणत ॲप पडतं, तेही कधीतरीच, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सापडत नाही. आणि प्रोसेस ओलांडायची म्हणाल तर बाइंडरचा बफर प्रत्येक प्रोसेसला साधारण 1 एमबी, तोही चालू असलेल्या सगळ्या व्यवहारांत वाटलेला. थ्रेडमधून सहज जाणारी मोठी यादी तिथे ट्रान्झॅक्शनटूलार्ज एक्सेप्शन देईल. रचना नव्याने करावीच लागेल. आजच्या कामावर त्याचं ओझं कशाला?

पायरी:
2020 मध्ये अँड्रॉइड 11 आलं तेव्हा असिंकटास्क (मागे काम चालवणारा जुना क्लास) आणि लूपर न देता बनवलेला हँडलर, दोन्ही डेप्रिकेट झाले. तुम्ही अजून हँडलरवरच भांडताय! कोरूटीन (कॉटलिनमधली थांबून पुन्हा चालू होणारी कामं) घ्या, विथकॉन्टेक्स्टमधून (काम दुसऱ्या थ्रेडवर चालवून निकाल देणारं फंक्शन) डेटा क्लास परत द्या. सगळी फील्ड व्हॅल, त्यामुळे प्रश्नच संपला.

लॉगकॅट:
संपला नाही. व्हॅल म्हणजे रेफरन्स बदलत नाही एवढंच. आत म्युटेबललिस्ट असेल तर ती कोणीही बदलू शकतं. डेटा क्लासची कॉपी() तर वरवरची, आतली यादी दोन्हीकडे तीच. कॉटलिनची लिस्टसुद्धा फक्त वाचण्याचा इंटरफेस आहे, मागे ॲरेलिस्ट असू शकते. पाठवताना टूलिस्ट() करून नवी यादी बनवा, आणि घटक बदलणारे असतील तर तेही नवे बनवा.

या गोंधळाचं दुसरं टोकही बघा. तीच यादी जागेवर बदलून स्टेटफ्लोला (ताजी व्हॅल्यू धरून ठेवणारा प्रवाह) पुन्हा दिली तर तो इक्वल्स बघतो, समान ठरवतो, स्क्रीन ढिम्म. लिस्टॲडॅप्टरला (रिसायकलरव्ह्यूला यादी पुरवणारा) सबमिटलिस्टमध्ये तीच यादी दिली तरी तो काही न करता परततो.

पायरी:
मग लाइव्हडेटा (व्हॅल्यू बदलली की स्क्रीनला कळवणारा) वापरा. पोस्टव्हॅल्यू कुठल्याही थ्रेडवरून चालतं.

लॉगकॅट:
चालतं, आणि मधल्या व्हॅल्यू गाळतं! मेन थ्रेडची पाळी येण्याआधी तीनदा पोस्टव्हॅल्यू केलंत तर शेवटचीच पोचते. प्रगतीच्या टक्क्यांना हे चालेल. "पेमेंट झालं", "पावती आली" अशा घटनांना अजिबात नाही. स्टेटफ्लोही तसाच. शेअर्डफ्लोला (अनेक ऐकणाऱ्यांचा प्रवाह) डिफॉल्टमध्ये रिप्ले (नव्या ऐकणाऱ्याला पुन्हा दिल्या जाणाऱ्या जुन्या व्हॅल्यू) 0, म्हणजे ऐकणारं कोणी नसताना सोडलेलं गेलंच.

पायरी:
चॅनेल (कोरूटीनमधली घटकांची रांग) आहे की.

लॉगकॅट:
आहे, पण एक घटक एकाच ऐकणाऱ्याला जातो. आणि घेणारी कोरूटीन नेमकी देवाणघेवाणीच्या क्षणी रद्द झाली तर घटक हरवू शकतो. म्हणून मेन.इमिजिएटवर (मेन थ्रेडवरच असाल तर वाट न पाहता चालवणारा डिस्पॅचर) गोळा करा. हरवून चालणारच नसेल तर डेटाबेसमध्ये नोंद करा आणि स्क्रीनने ती नोंद पाहावी. "अमुक वापरा" एवढं लिहून मोकळं होऊ नका, नवशिके तेच उचलून पेमेंटच्या कोडमध्ये घालतात.

पायरी:
सूर जरा खाली घ्या. घटनांबाबत पोस्टव्हॅल्यू चुकीचं, मान्य. पण विथकॉन्टेक्स्टबद्दल माझं म्हणणं तुम्ही खोडलेलं नाही. तो एकच निकाल परत देतो, त्यात गाळलं जायला काही नसतं.

लॉगकॅट:
तेवढ्यापुरतं बरोबर.

कडुनिंब:
पोस्टव्हॅल्यूवरून मूळ मुद्दा बाजूला पडला. सातपुडा, "सरळ ऑब्जमध्ये टाका" हे तुमचं वाक्यही सरसकट नको. रिअल्म जावा या डेटाबेस लायब्ररीचा मॅनेज्ड ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडवर वाचला की "अ‍ॅक्सेस फ्रॉम इनकरेक्ट थ्रेड". आधी कॉपीफ्रॉमरिअल्म किंवा फ्रीज हवं. उघडा कर्सर (डेटाबेसच्या ओळी वाचणारा) पाठवून वर्करने तो बंद केला, किंवा बिटमॅप पाठवून त्यावर रिसायकल मारलं, तर दोष मेन थ्रेडवर दिसतो आणि कारण भलतीकडे असतं.

सातपुडा:
हे खरं, मी लिहायला हवं होतं. प्रोसेस ओलांडताना बंडल लागतं, हेही तुमचं बरोबर. पण दोन्हीमागे नियम एकच: पाठवल्यानंतर पाठवणाऱ्याने त्या ऑब्जेक्टला हात लावायचा नाही. मेसेजच्या क्यूतून हॅपन्स-बिफोर मिळतं, म्हणजे पाठवण्याआधी लिहिलेलं सगळं पलीकडे दिसतं. नंतर लिहिलेल्याची काही हमी नाही.

कडुनिंब:
आणि तरीही कोणाला खरी कॉपी हवीच असेल तर?

सातपुडा:
तर पार्सल.ऑब्टेन, राइटपार्सलेबल, सेटडेटापोझिशन(0), क्लासलोडर देऊन रीडपार्सलेबल, रिसायकल. मधलं शून्यावर आणणं विसरलात तर वाचन शेवटापासून सुरू होतं आणि नल हातात येतं. आणि @पार्सलाइझ (पार्सलचा कोड आपोआप लिहून देणारी खूण) वापरत असाल तर क्लासच्या बॉडीतली फील्ड त्यात जात नाहीत, फक्त प्रायमरी कन्स्ट्रक्टरमधली जातात. नुसत्या कॉपीसाठी याऐवजी एक कॉपी कन्स्ट्रक्टर लिहा.