परदेशात गाडी काढून जंगल गाठलं तो दिवस : तुमचेही अनुभव लिहा

लेक शाळेसाठी जुन्या झाडांची माहिती शोधत होती. स्क्रीनवर ताने माहुता आला, न्यूझीलंडमधला तो अवाढव्य कौरी वृक्ष, आणि मी हातातलं काम सोडून बसले. तो बघायला आम्ही ऑकलंडहून भल्या पहाटे निघालो होतो. डार्गाव्हिल मागे पडलं, १२ नंबरचा हायवे वायपोआच्या जंगलात शिरला आणि नुसती वळणंच वळणं. झाड रस्त्यापासून काही मिनिटांवर आहे, पण आत जाण्याआधी बूट ब्रशने घासायचे आणि औषध फवारायचं. कौरीला मुळं कुजवणारा रोग लागलाय, तो बुटांच्या चिखलातून पसरतो. मग वळणावर एकदम ते खोड! ५१ मीटर उंची, घेर जवळजवळ १४ मीटर. मला रडू आलं. तुम्हाला असं कुठे झालंय?

---

हो!! कॅलिफोर्नियात, अव्हेन्यू ऑफ द जायंट्स. ३१ मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंना रेडवुड. दर दहा मिनिटांनी गाडी थांबवत होतो, मुक्कामी पोचायला रात्र झाली. धुकं होतं. ही झाडं उन्हाळ्यात त्या धुक्यातलं पाणी पितात, हे तिथे कळलं.

---

हायपेरियन पाहिलं का दादा?

---

नाही. जगातलं सर्वात उंच झाड म्हणून लोकांनी आडवाटेने जाऊन भोवतीची जमीन पार तुडवली. २०२२ पासून तो भागच बंद आहे, गेलात तर ५००० डॉलरपर्यंत दंड. बरंच केलं.

---

जपानमध्ये याकुशिमाला जोमोन सुगी या जुन्या झाडाचंही तेच, मुळं तुडवली गेली म्हणून आता लांबच्या मचाणावरून बघायचं. जाऊन येऊन १० तास, त्यात बराच वेळ जुन्या लाकूडवाहू रेल्वेच्या रुळांवरून. पाऊस दिवसभर. सासूबाई ६४ वर्षांच्या, आमच्या पुढे चालत होत्या!!

---

सासूबाईंना नमस्कार सांगा _/\_

---

ताई, ताने म्हणजे माओरींचा, न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा, वनदेव ना? आकाशपिता आणि धरणीमाता घट्ट मिठीत होते, त्याने त्यांना दूर लोटलं आणि मध्ये उजेड आला. त्या खोडाखाली उभं राहून ही गोष्ट ऐकायला हवी. (कुकर झालाय, नंतर लिहिते)

---

विषय सोडून विचारते, न्यूझीलंडमध्ये गाडी चालवणं अवघड आहे का? मुलगा ५ वर्षांचा.

---

डावीकडूनच चालवतात, त्यामुळे सवय लगेच होते. एकेरी पूल मात्र बरेच. पाटीवर आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर आपण थांबायचं. लायसन्स इंग्रजीत नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर लागतं.

---

आणि सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट कायद्यानेच लागते. गाडी बुक करतानाच सांगून ठेवा. कधी निघताय?