हम्फ्री जेनिंग्जचे युद्धपट: प्रचार की माहितीपट?

मेघना: काल ब्रिटिश दिग्दर्शक हम्फ्री जेनिंग्जचा ‘फायर्स वेअर स्टार्टेड’ (१९४३) पाहिला. लंडनचे अग्निशामक जवान खरेखुरे, पण आगी चित्रीकरणासाठी लावलेल्या. शिवाय पैसा सरकारी. याला माहितीपट म्हणायचं का? जेनिंग्जचं बाकीचं काम कसं आहे?

संकलक_पुणे: मेघनाताई, मी संकलनाच्या टेबलावर आयुष्य काढलंय, त्यामुळे त्याच बाजूने सांगतो. तो चित्रित होईपर्यंत लंडनवरचा मोठा बॉम्बवर्षाव थांबला होता. तरी त्या जवानांनी अशा रात्री प्रत्यक्ष काढल्या होत्या. हातातला पाइप कसा धरायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि ते पडद्यावर दिसतं. माझ्या लेखी तो माहितीपटच.

पण आधी ‘लिसन टू ब्रिटन’ (१९४२) बघा. जेमतेम वीस मिनिटं, निवेदन नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये विनोदी गायकजोडी फ्लॅनागन आणि अ‍ॅलन गातायत, कामगार जेवता जेवता शीळ घालतायत. त्या गाण्याचा सूर विरतो न विरतो तोच आपण नॅशनल गॅलरीत, मायरा हेस पियानोवर मोत्झार्ट वाजवतेय, श्रोत्यांत राणी बसलीय. चित्रं सुरक्षित जागी हलवलेली, भिंतीवर रिकाम्या चौकटी. कामगार आणि राणी एकाच देशाचे, हे एक शब्द न बोलता सांगून झालं! प्रचार आहेच, पण प्रेक्षकाच्या कानावर इतका विश्वास टाकणारा प्रचार मी दुसरा पाहिला नाही. परदेशी प्रेक्षकांना कळणार नाही या भीतीने पुढे त्याला एक भाषण जोडलं गेलं. ते असलेली प्रत मिळाली तर भाषण सरळ ओलांडा.

आणि कृपा करून स्टुअर्ट मॅकॅलिस्टरचं नाव घ्या. ‘लिसन टू ब्रिटन’च्या दिग्दर्शन आणि संकलन या दोन्हींचं श्रेय पडद्यावर जेनिंग्ज आणि तो अशा दोघांना मिळून आहे. लेखांत मात्र एकट्या जेनिंग्जचंच कौतुक असतं, याचा मला मनापासून राग येतो.

रानवारा: ‘द सायलेंट व्हिलेज’ही (१९४३) बघा. नाझींनी उद्ध्वस्त केलेल्या लिडित्से या चेक गावाची कहाणी वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन मांडलीय. जेनिंग्ज मुळात चित्रकार आणि कवी. १९५० मध्ये ग्रीसमधल्या पोरोस बेटावर चित्रीकरणाची जागा शोधताना कड्यावरून पडून गेला, वय ४३.

मेघना: त्याच काळात आपल्याकडे असं काही होत होतं का?

संकलक_पुणे: हो, मुंबईत. १९४० मध्ये युद्धाच्या प्रचारपटांसाठी ब्रिटिश सरकारचं फिल्म अ‍ॅडव्हायझरी बोर्ड निघालं, काही काळ शांताराम तिथे प्रमुख निर्माते होते. १९४३ पासून त्याच्या जागी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया. पण लोकांचा लढा त्याच सरकारशी चालू होता, जेनिंग्जसारखं मनापासून ‘आपण’ म्हणायची सोय तिथे नव्हती.