प्रतिसाद: 'अतडू'मधला निर्दोष मारेकरी

'अतडू' या तेलुगू चित्रपटाचा नायक भाडोत्री मारेकरी, मग त्याच्यावर अन्याय कसला, हा इथे विचारलेला प्रश्न रास्त आहे. पण या चित्रपटाची (२००५) खरी गंमत तिथेच आहे. दिग्दर्शक त्रिविक्रमने नायक महेश बाबूला नेमक्या त्याच खुनात अडकवलंय, जो त्याने केलेला नाही! सहानुभूतीची मतं मिळवायला एक नेताच महेश बाबूकडून स्वतःवर खोटा हल्ला ठरवतो, आणि गोळी भलताच झाडतो. तो नेता म्हणजे आपले सयाजी शिंदे.

पुढे नायकाने पार्धू या मेलेल्या तरुणाच्या नावाने त्याच्याच घरी राहणं, पार्धूचे आजोबा झालेला नासर, विनोदी नट ब्रह्मानंदमचा धुमाकूळ... मारामारीपेक्षा मला हा भाग जास्त आवडतो. हिंदी रिमेक 'एक'मध्ये प्रकाश राजच्या सीबीआय अधिकाऱ्याच्या जागी नाना पाटेकर आहे. तरी मूळच बघा, सबटायटल्स लावून.