लादी चकचकीत होती, तरी जंतुसंसर्ग कसा झाला?

प्रश्न (फोंड्याहून एक वाचक)

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांवर प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित पार पडली. परंतु पाचव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि तपासणीत लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग झाल्याचे निघाले. मुक्काम अकरा दिवसांवर गेला. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे दिवसातून दोनदा फिनाईलने लादी पुसत असत आणि त्या वासानेच आम्ही निर्धास्त होतो. मग जंतू आले कुठून? नातेवाइकांनी नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर (निवृत्त परिचारिका, म्हापसा)

वासावरून वॉर्डची परीक्षा करू नये. माझा संशय लादीवर नाही, अशा शस्त्रक्रियेनंतर घालतात त्या लघवीच्या नळीवर आहे. नळी आत असेपर्यंत जंतूंना मूत्राशयापर्यंत जाण्याची वाट मोकळी राहते आणि दिवसागणिक धोका वाढतो. म्हणून ‘आज नळीची गरज आहे का?’ हे राउंडला आलेल्या डॉक्टरांना रोज विचारावे. नळीतून येणारी लघवी साठण्याची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली असावी, मात्र ती जमिनीला टेकू नये, आणि नळी व पिशवीचा सांधा विनाकारण सोडू नये.

त्यानंतर हात. जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध होण्याआधीच, १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी प्रसूतिविभागात क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. आज जागतिक आरोग्य संघटना हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगते, त्यांतला पाचवा म्हणजे रुग्णाला न शिवता केवळ त्याच्या खाटेला किंवा लॉकरला हात लागल्यानंतरचा. माझ्या नोकरीच्या काळात हाच सर्वाधिक राहून जात असे. सॅनिटायझर वीस ते तीस सेकंद चोळावे लागते. साबणाने धुण्याची सारी क्रिया चाळीस ते साठ सेकंदांची आहे. एकच हातमोजे घालून तीन खाटा फिरणारे मी पाहिले आहेत. त्यात संरक्षण होते ते फक्त घालणाऱ्याचे.

उत्तर (स्वच्छता पर्यवेक्षक, मडगाव)

ताईंचे म्हणणे मान्य आहे, पण लादी इतकी गौण नाही. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये आणलेल्या कायाकल्प योजनेत मॉप वेगवेगळ्या तीन बादल्यांत बुडवण्याची पद्धत आहे, कारण एकाच बादलीत मॉप बुचकळत राहिल्यास पहिल्या खोलीतली घाण शेवटच्या खोलीपर्यंत पोचते. आपल्याकडे पावसाळ्यात मॉप वाळतच नाही. ओला मॉप रात्रभर कोपऱ्यात उभा राहिला, तर सकाळी आपण जंतूच पसरवतो. म्हणून मी मॉपचे दोन संच मागून घेतले आणि ते मिळायला एक पावसाळा जावा लागला. रक्त सांडल्यास ते आधी टिपून त्यावर एक टक्का हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) ओतून काही मिनिटे थांबावे. हे द्रावण रोज ताजे करावे लागते आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. खाटेचे कठडे, सलाईनचा स्टँड, दिव्याची बटणे पुसायची कोणी, परिचारिकांनी की सफाई कामगारांनी, हे लेखी ठरलेले नसेल तर ती कोणीच पुसत नाही. बोल मात्र झाडूवाल्यालाच लागतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ताईंचे उत्तर वाचून एक गोष्ट आठवली. एक्स-रेसाठी नेताना वडिलांना चाकाच्या खुर्चीत बसवून ती पिशवी मीच त्यांच्या मांडीवर ठेवली होती, आणि परत येईपर्यंत ती तिथेच होती.

निवृत्त परिचारिका, म्हापसा

तेवढ्यानेच संसर्ग झाला असे कोणी सांगू शकणार नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. पिशवी वर गेली की साठलेली लघवी नळीतून मागे परतू शकते. नेण्यापूर्वी ती रिकामी करून घ्यावी आणि खुर्चीच्या खालच्या दांड्याला अडकवावी. हे तुम्हाला त्याच वेळी सांगणे तिथल्या कर्मचाऱ्यांचे काम होते.